भोंग्याचा लिलाव

दुपारी जेवण झालं की ठमी माझ्या मांडीवर कलंडते. तोंड उघडं, एक मूठ माझ्या बाहीत अडकलेली. ती मूठ बोटाबोटानं सोडवायची, डोक्याखाली उशी सरकवायची आणि पाय न वाजवता कपाटाशेजारच्या टेबलाशी जायचं, एवढं जमलं की मग थोडा वेळ मला कुणी काही मागत नाही. त्या आठवड्यात हा वेळ मी ना झोपेला दिला, ना इस्त्रीच्या ढिगाला. मी तो माझ्या सासऱ्यांच्या आवाजाला दिला.

सासरे भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. ओट्यावर उभं राहायचं, हातात लाकडी हातोडी घ्यायची आणि गाड्यांची घरघर, हमालांची आरडाओरड, कोंबड्यांचा कलकलाट या सगळ्याच्या वर आवाज काढायचा. बाजार त्यांना नावानं ओळखतच नव्हता. भोंगा म्हणायचा. भोंगा आला, भोंगा जेवायला गेला, आज भोंग्याचा मूड नाही. मग त्यांच्या घशाला दुखणं झालं, शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी जीव वाचवला, आवाज नाही वाचला. गळ्याशी एक छोटं छिद्र राहिलं, त्यावर सुती रुमाल.

माझं लग्न त्यानंतरचं. म्हणजे भोंगा हे नाव मी ऐकलंय, भोंगा कधीच नाही. मला माहीत आहेत ते टकटक करणारे बाबा. टेबलावर बोटानं एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही आणि सारखं वाजवत राहिले की चहाचं काय झालं. ठमी त्यांना ‘टकटक’ म्हणूनच हाक मारते. त्यांची हातोडी सासूबाई आता अक्रोड फोडायला वापरतात.

एका सकाळी ठमी बाबांच्या मांडीवर बसून त्यांच्या रुमालाशी तोंड नेऊन ओरडली, “बोल!” मग कान लावून थांबली. काहीच आलं नाही, तशी माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, टकटकला बोलायला शिकवू या का? मी शिकवते. सोप्पं असतं.”

बाबा हसले. तिला अलगद खाली ठेवलं, गॅलरीत जाऊन खुर्ची रस्त्याकडे वळवली आणि जेवायला हाक मारेपर्यंत घराकडे पाठ करून बसले.

रात्रभर ट्रक चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याला मी फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, “मला बाबा रोज विकायचे, माहितीये तुला?”

“विकायचे?”

“झोपायच्या आधी. स्टुलावर उभं करायचे आणि लिलाव. आई बोली लावायची. एकदा फोकसकाकानं शूटिंग केलं होतं त्याचं.”

फोकसकाका खालच्या मजल्यावर राहतात. आयुष्यभर लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ काढले आणि प्रत्येक नवरीला “फोकस माझ्यावर ठेवा ताई” म्हणत राहिले, म्हणून हे नाव. नवा कॅमेरा घेतला तेव्हा तो चालतो का बघायला ते आमच्याच घरी आले होते. ती टेप त्यांच्या माळ्यावर निघाली, दुसऱ्यांच्या लग्नांखाली दबलेली. बाकी कुणीच कधी बाबांचा आवाज धरून ठेवला नव्हता. घरात चोवीस तास भोंगा असताना त्याचं रेकॉर्डिंग कोण करतं?

“सूनबाई, टेप म्हातारी झालीय,” कॅमेरा माझ्या हातात देताना काका म्हणाले. “दर वेळी चालवलीस की थोडी साल निघणार तिची. चार पाहुणे जमवून बघत बसू नकोस. थेट कॉम्प्युटरवर उतरवून घे. चित्र पिवळ्या वायरीतून, आवाज लाल-पांढऱ्यातून, दोन्ही या डबीत, आणि डबी कॉम्प्युटरला. पोरखेळ आहे.”

“मग तुम्हीच करा ना काका.”

“माझ्या कॉम्प्युटरवर पत्ते सोडून काही चालत नाही.”

सासूबाईंना सांगणं भाग होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. “नको गं. फोनवर त्यांच्या आवाजातला निरोप होता ना, ‘आत्ता बाजारात आहे, नंतर बोला’, तोसुद्धा त्यांनी स्वतः पुसायला लावला. कशाला पुन्हा ते डोळ्यासमोर आणायचं?”

“त्यांना कळणारही नाही, आई. ठमीसाठी करते. तिला एकदा तरी कळू दे, आजोबा कसे बोलायचे.”

“मला काही माहीत नाही. मी काही पाहिलं नाही,” असं म्हणून त्या मटार सोलायला बसल्या. पण बसल्या माझ्या टेबलाकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी ठमीची मूठ सोडवली, बाबा गॅलरीत डुलकी घेत होते, मी वायरी जोडल्या आणि टेप सुरू केली. आधी एक खिडकीचा पडदा दिसला, मग भिंत, मग काकांचा अंगठा. आणि मग माझा नवरा. नवरा कसला, एवढासा ओला उंदीर, पंचा गुंडाळून स्टुलावर उभा. त्याच्या शेजारी काळ्याभोर केसांचे बाबा, हातात हातोडी, छाती भरून घेतलेली. चित्र इतकं छान उतरत होतं की मी आवाजाकडे लक्षच दिलं नाही. थोडं उतरवलं, टेप थांबवली आणि हेडफोन लावून पाहिलं.

पडद्यावर बाबांनी तोंड उघडलं आणि त्यातून सासूबाईंचा आवाज आला, “अगं, मटारात कीड निघतेय, बाजारवाल्याला सांगायला हवं.”

मी तोंडावर हात दाबून हसले. कॉम्प्युटरनं चित्र वायरीतून घेतलं होतं आणि आवाज मात्र स्वतःच्या अंगच्या माइकमधून, म्हणजे आमच्या खोलीतला. पंखा, मटार आणि मधूनमधून ठमीचं बारीक घोरणं. आवाज कुठून घ्यायचा हे त्याला वेगळं सांगावं लागतं, हे मला कुठे ठाऊक होतं! शोधून शोधून ती जागा सापडली, तिथे माइकऐवजी डबी निवडली. तेवढ्यात ठमी उठली. दुपार संपली.

पुढच्या दुपारी आवाज वायरीतूनच आला, पण सोबत एक भुंगा घेऊन आला. सलग, जाड गुणगुण, आणि तिच्या मागे कुठेतरी बाबा, फाटल्यासारखे. प्रत्येक शब्द कागद टरकावल्यासारखा. टेप संपली वाटतं! काकांना विचारायला खाली धावले.

“टेप थांबवली तरी भुंगा आहे?”

“आहे.”

“मग तो टेपेत नाही, विजेत आहे. कॉम्प्युटरचा चार्जर काढ बघू. आणि आवाजाची पट्टी लाल रंगात जातेय का? जाते? अगं, भोंगा आहे तो! त्याला एवढ्याशा दारातून आत घेशील तर चौकट तुटणारच. पातळी खाली आण.”

चार्जर काढला आणि भुंगा मेला. एकदम. कान साफ झाल्यासारखं शांत झालं. आता अडचण एवढीच की आमच्या कॉम्प्युटरची बॅटरी माझ्यासारखीच आहे, दुपारपर्यंत संपते. म्हणून पुढे सकाळपासून तो चार्ज करून ठेवायचा आणि कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम काढला.

त्यानंतरच्या दुपारी पातळी खाली आणली, थोडा भाग उतरवला आणि ऐकलं. भुंगा नाही, खरखर नाही, फाटणं नाही. एक नीट, स्वच्छ, गोड आवाज. माझे सासरे बोलत होते आणि मला प्रत्येक शब्द कळत होता. जमलं! माझे डोळे भरून आले. सासूबाई मटार नसतानाही त्याच जागी बसल्या होत्या. मी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला.

त्या ऐकत राहिल्या. चेहरा हलला नाही. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

“हे कोण आहेत?”

“आई! बाबा आहेत.”

“दिसतायत तेच. पण हा कुणीतरी सभ्य माणूस बोलतोय.” त्यांनी पदर सावरला. “तुझे सासरे असे एका पट्टीत बोलले असते तर बाजारात एक गड्डी गेली नसती. ते खाली यायचे, अगदी कानात सांगितल्यासारखं. माणसं पुढे वाकायची. आणि मग असा काही आवाज टाकायचे की पुढच्याच्या हातातली पाटी पडायची. आणि ते ‘एक वार’ कुठे गेलं?”

“कुठलं?”

“लिलावातलं गं! एक वार, दोन वार, तीन वार. तिथे आवाज लांब धरायचे, श्वास संपेपर्यंत. इथे नुसतं ‘एक वा’ म्हणून तोंड उघडं ठेवून उभे आहेत. माशासारखे.”

मी पुन्हा लावून पाहिलं. खरंच. बाबांचं तोंड उघडं, मान ताठ, गळ्याची शीर फुगलेली, आणि आवाज हळूहळू विरत शून्य. मला ते खटकलंच नव्हतं. कसं खटकणार? जो आवाज मी कधी ऐकलाच नाही, तो बरोबर उतरलाय की नाही हे मी कशावरून ठरवणार होते? मी फक्त स्वच्छ आहे का ते बघत बसले होते.

सासूबाई उठून जातील, ‘सांगितलं होतं ना’ म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. “टेपेत असेल ना ते? की टेपेतूनच गेलं?”

तेच तर बघायचं होतं. मी कॅमेऱ्याच्या बारीक पडद्याजवळ कान नेऊन तेवढा तुकडा चालवला. कॅमेऱ्याचा स्पीकर शेंगदाण्याएवढा, पण त्यातून बारीक, पत्र्यासारखं, लांबच लांब ऐकू आलं, “वाऽऽऽर!” टेपेत होतं. कॉम्प्युटर खात होता.

का खात होता ते भांडी घासताना सुचलं. नवऱ्याशी व्हिडिओवर बोलताना आमच्या पंख्याचा आवाज त्याला त्रास द्यायचा, “विमानात बसलीयेस का?” म्हणायचा. म्हणून तेव्हा मी कॉम्प्युटरमध्ये ‘आवाज स्वच्छ करा’ आणि ‘पातळी आपोआप सांभाळा’ या दोन खुणा करायची, आणि भुंगा परत नको म्हणून पातळी खाली आणताना त्याच खुणा डबीलाही करून ठेवल्या होत्या. तेव्हापासून तो बिचारा इमानानं काम करत होता. सलग, न थांबता येणारा आवाज म्हणजे पंखा, असं त्याला ठाऊक. बाबांनी श्वासभर धरलेलं ‘वार’ त्याला पंखा वाटलं आणि त्यानं ते पुसून टाकलं. बाबा कुजबुजले की तो वर उचलायचा, ओरडले की खाली दाबायचा. भोंग्याला त्यानं वळण लावलं होतं.

साबणाच्या हातांनीच जाऊन दोन्ही खुणा काढल्या.

“मग आता पातळी किती ठेवू?” मी सासूबाईंना विचारलं. “साध्या बोलण्यावर बेतली तर ओरडतील तेव्हा फाटेल.”

“सगळ्यात मोठं कुठे ओरडतात त्यावर बेत ना. ‘दिला!’ म्हणतात तिथे. हातोडी पडते तिथे.”

“ते कुठे येतं?”

“शेवटी. माझी बोली झाली की.” आणि माझ्या सासूबाई, ज्यांनी काही पाहिलं नव्हतं आणि ज्यांना काही माहीत नव्हतं, लाजल्या.

तेवढा एकच ‘दिला’ चालवला, त्याला पट्टीत जरा वर मोकळी जागा राहील अशी पातळी ठेवली आणि टेप सुरुवातीला नेऊन बंद केली. टेप मागे जाताना कॅमेऱ्यातून करकर ऐकू यायला लागली होती. आता एकदाच, सबंध.

शेवटच्या दुपारी बॅटरी भरलेली, पंखा चालू, चार्जर लांब. मी हेडफोन लावला, बटण दाबलं. पडदा, भिंत, अंगठा. मग बाबांनी छाती भरून घेतली.

“बोला बोला बोला! माल बघा मंडळी, माल! आत्ताच धुतलेला, कान पुसलेले, दात घासलेले. दात घासलेस का रे? नाही? एक खोट आहे मंडळी, लपवणार नाही, भोंगा खोटा माल विकत नाही!”

माझ्या कानात तो आवाज शिरला आणि मी खुर्चीला टेकले. तो नीट नव्हता, गोड तर मुळीच नव्हता. खडबडीत, रुंद, काठावर थोडा तुटका, जोरात चाललेल्या गाडीसारखा. आणि खाली आला तेव्हा अगदी माझ्याच कानाशी, “झोपेला आलाय माल... स्वस्तात जाईल बरं का...” मी खरोखर पुढे वाकले.

आणि तेवढ्यात ठमी जागी झाली. रडली नाही, किंचाळली. स्वप्न पडलं असणार. सासूबाई तिच्याकडे धावल्या, वाटेत स्टीलचं ताट पडलं आणि फरशीवर गोल गोल वाजत राहिलं. सगळं रेकॉर्डिंगमध्ये गेलं, असं मला वाटलं. पण पडद्यावरची पट्टी शांत होती. बाबांच्या शब्दांबरोबर वर जात होती, खाली येत होती. आवाज आता वायरीतून येत होता. खोलीत आभाळ कोसळलं असतं तरी त्यात शिरणार नव्हतं.

ठमी सासूबाईंच्या कडेवरून उतरली, धडपडत माझ्याकडे आली, मांडीवर चढली आणि मी अडवायच्या आत तिनं हेडफोनची वायर ओढली. ती सुटली.

“एका पापीत कोबीसुद्धा येत नाही बाई!”

सगळ्या घरात भोंगा वाजला. ठमीचं रडणं जागच्या जागी थांबलं. मी आवाज बंद करायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला, कारण गॅलरीच्या दारात बाबा उभे होते.

त्यांचा एक हात चौकटीवर होता, दुसरा गळ्यावरच्या रुमालावर. कॉम्प्युटरमधून तरुण सासूबाई खुदखुदत म्हणाल्या, “बरं, दोन पाप्या.” आणि कॉम्प्युटरमधले बाबा म्हणाले, “दोन! दोन पाप्या आल्या! बोला, पुढे कोण?”

“दहा!” ठमी ओरडली. लहर आली की ती प्रत्येक गोष्टीला दहाच म्हणते. तिला त्यापुढचं येत नाही.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग त्यांचा हात रुमालावरून खाली आला आणि त्यांची मान ताठ झाली, अगदी तशी, पडद्यावरच्यासारखी. खांदे मागे गेले. कॉम्प्युटरमधला आवाज म्हणाला, “एक वाऽऽऽऽर!” आणि दारातल्या बाबांचं तोंड त्याच्याबरोबर उघडलं, त्याच्याबरोबर उघडं राहिलं, श्वासभर, सबंध, आणि त्याच क्षणी मिटलं. एका क्षणाची चूक नाही. इतक्या वर्षांनी.

“दोन वाऽऽऽऽर!” हात वर गेला. मोकळाच. मुठीत काही नव्हतं.

सासूबाई मी कधी पाहिल्या नव्हत्या इतक्या वेगानं स्वयंपाकघरात गेल्या आणि अक्रोडाच्या सालांसकट हातोडी घेऊन आल्या. ती हातात घेऊन बाबा माझ्या टेबलाशी आले.

“तीन वार...” बाबांनी ठमीकडे बोट केलं, पडद्यावरच्या बाबांनी माझ्या नवऱ्याकडे. “दिला!”

दोन्ही हातोड्या एकदम पडल्या. माझं टेबल हललं, पेल्यातलं पाणी सांडलं. पट्टी लालच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. फाटलं नाही. एक अक्षर फाटलं नाही!

“मी दिली?” ठमीनं विचारलं.

बाबांनी टेबलावर एकदा वाजवलं. हो.

“कुणाला?”

त्यांनी हातोडी स्वतःच्या छातीला लावली. ती उडी मारून त्यांच्या अंगावर गेली आणि ठरलेला भाव चुकता करू लागली. कुठे थांबायचं ते तिला कळत नव्हतं. त्यांचे डोळे वाहत होते आणि छातीतून तो हवेचा फुसफुसता आवाज येत होता, जो आमच्या घरात हसण्याचा आहे. सासूबाई पदरानं टेबल पुसत होत्या, जिथे काही सांडलं नव्हतं तिथेसुद्धा. बटण दाबून मी रेकॉर्डिंग थांबवलं, लगेच दुसरीकडे एक प्रत ठेवली, मग आणखी एक. मग कॅमेऱ्यातून टेप काढायला गेले, तर ती शेवयांसारखी गुंता होऊन बाहेर आली. काकांनी तो गुंता बघून टोपी काढली. “शेवटपर्यंत थांबली बिचारी,” म्हणाले.

त्या संध्याकाळी नवऱ्याला पाठवलं. त्यानं ट्रक बाजूला लावून ऐकलं म्हणे. नंतर त्याचा फोन आला, पण तो बोलेना. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यावर बोटानं एकदा वाजवलं. पलीकडून नवऱ्यानंही एकदा वाजवलं. मला वाटतं बापलेकांचं इतकं लांब बोलणं आजवर झालं नसेल.

आता रोज संध्याकाळी आमच्याकडे लिलाव असतो. ठमी स्टुलावर उभी राहते, दात घासलेले किंवा न घासलेले. आवाज कॉम्प्युटरचा, तोंड आणि हातोडी बाबांची, बोली माझी आणि सासूबाईंची. ठमी कधी मला जाते, कधी त्यांना, बहुतेकदा टकटकलाच जाते. अक्रोड आम्ही दगडानं फोडतो.

काल वीज गेली होती. बॅटरीही उतरलेली. बाबा हातोडी घेऊन उभे राहिले आणि काय करावं न सुचून माझ्याकडे पाहू लागले. ठमीनं स्टुलावर पाय रोवले, बारीक छाती भरून घेतली, मान ताठ केली आणि उघड्या खिडकीकडे तोंड करून, श्वास संपेपर्यंत, काठावर थोडा तुटका असा आवाज टाकला, “एक वाऽऽऽऽर!”

खालून फोकसकाका ओरडले, “ए भोंग्या! हळू!”

बाबांनी वाकून गॅलरीच्या कठड्यावर हातोडी वाजवली. दोनदा.